पाण्यात तोललेले दोन पिवळे खडे

मुरुमच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाला लागून एक सहा फुटी गाळा आहे. त्यावर पाटी नाही. आत एक बाई डोळ्याला भिंग लावून बसलेली दिसते, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी हातातला खडा कोंदणात नीट बसल्याशिवाय ती मान वर करत नाही. तिचं नाव शिवकांता. वय बावन्न. गावात लहानथोर सगळे तिला अक्का म्हणतात. नथीत, कुड्यांत, अंगठीत ती खडे बसवून देते. लिंगायतांच्या घरांतून गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डब्याही तिच्याकडंच दुरुस्तीला येतात.

हे काम तिनं वडिलांकडून उचललं. कल्याणप्पा तरुणपणी हैदराबादेत एका उस्तादाच्या हाताखाली सात वर्षं होते. तिथून ते एक पितळी काटा, दोन भिंगं आणि पुड्यांत बांधलेले थोडे खडे घेऊन परतले. मुलगा नव्हता म्हणून मुलीला शिकवलं, असं ते कधी म्हणाले नाहीत. पोरीची नजर बारीक आहे, एवढंच म्हणायचे.

तिचा पहिला धडा दोन पिवळ्या खड्यांचा होता. कल्याणप्पांनी दोन्ही तिच्या तळहातावर ठेवले आणि पुखराज कुठला, सुनेला कुठला ते सांग म्हणाले. दोन्ही मधाच्या रंगाचे, दोन्ही आरपार दिसणारे. तिला सांगता येईना. मग त्यांनी तिला एकेक खूण दाखवली. एकाच मापाचे दोन खडे घेतले तर पुखराज सुनेल्याच्या दीडपट भरतो. पुखराज वरच्या ओठाला लावला तर गार लागतो आणि बराच वेळ गारच राहतो, सुनेला मात्र लगेच अंगाची ऊब घेतो. पुखराजाच्या टोकानं सुनेल्यावर ओरखडा उठतो, सुनेल्यानं पुखराजावर उठत नाही. म्हणून दहा वर्षं वापरलेल्या पुखराजाच्या पैलूंच्या कडा तशाच धारदार राहतात, आणि सुनेल्याच्या कडा धुळीनंसुद्धा घासून बोथट होतात.

"कारण धुळीत गारगोटी असती," कल्याणप्पा म्हणाले होते, "आन् सुनेला म्हंजे पिवळी गारगोटीच. आपल्या माळावर पडती तीच जात. ही जरा देखणी, एवढंच."

आणि सगळ्यात पक्की खूण पाण्याची. खडा आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोलायचा. पुखराज पाण्यात चौथाई वजन सोडतो. सुनेला तिहाईहून जास्त सोडतो. पाणी कुणाची भीड धरत नाही, असं ते म्हणायचे.

शिवकांताचं लग्न गावातच झालं. नवरा शंभुलिंग याचं धान्याचं दुकान. कल्याणप्पा गेल्यावर गाळा तिनं चालवायला घेतला, तेव्हा शंभुलिंगनं आडकाठी केली नाही. वीस वर्षं काम बरं चाललं. मग अमरसिंह आला.

अमरसिंह आधी बोअरच्या मोटारी विकायचा. ते जमलं नाही तेव्हा त्यानं दाढी वाढवली, नावापुढं महाराज लावलं आणि तुळजापुरात एका लॉजच्या खालच्या खोलीत पत्रिका बघायला बसला. दर गुरुवारी तो मुरुमला यायचा. बसस्टँडमागं त्यानं एक खोली घेतली होती. येताना त्याच्याकडं पंचधातूच्या तयार अंगठ्या आणि पिवळ्या खड्यांची पुडी असायची. त्या अंगठ्यांत खडे बसवायचं काम त्यानं शिवकांताला दिलं.

पहिल्याच दिवशी तिनं एक खडा भिंगाखाली धरला आणि म्हणाली, "हे सुनेले हायत."

"सुनेलेच हायत की, अक्का," अमरसिंह म्हणाला. "गरिबाला पुखराज कुठला झेपतो? मी सुनेला म्हणूनच देतो."

खडा अंगाला लागला पाहिजे, म्हणून अंगठीची पाठ उघडी ठेवायला त्यानं सांगितलं. शिवकांता बारीक गिरमिटानं कोंदणाच्या तळाला भोक पाडायची, कानशीनं त्याच्या कडा साफ करायची आणि वर खडा बसवायची. दर आठवड्याला आठ-दहा अंगठ्या व्हायच्या. तो माणूस तिला पहिल्यापासून आवडला नव्हता. त्याच्या पाचही बोटांत अंगठ्या होत्या आणि त्यांच्या खाली मळाची काळी रेघ साचलेली असायची. तो गेल्यावर त्याच्या अत्तराचा वास गाळ्यात तासभर राहायचा. ती स्टुलावर पाणी टाकून पुसून काढायची.

एकदा भाजी घेताना तिच्या कानावर एका बाईचं बोलणं पडलं. महाराजांनी दिलेला पुखराज, असं ती बाई शेजारणीला बोट दाखवून सांगत होती. अंगठी शिवकांताच्याच हातची होती. तिनं कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि घरी आली. शंभुलिंगला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुझं काम बसवायचं. इकणारा काय सांगतो, ते त्याचं त्याच्यापाशी." घरात ते कानडी बोलत, पण हे त्यानं मराठीत सांगितलं, दुकानदारानं गिऱ्हाइकाला सांगावं तसं. तिनंही ते मानून घेतलं.

असं दीड-दोन वर्षं चाललं.

गेल्या वर्षी श्रावण सरताना एका मंगळवारी दुपारी नागूबाई गाळ्यात आली. मुरुमपासून तीन कोसांवरच्या वाडीत तिचं घर. पासष्टीची बाई, सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. उजव्या हाताला तिनं लुगड्याचा धडपा गुंडाळला होता. ती येण्याआधी तिचा वास आला. मेंढरांचा वास शिवकांताला ओळखीचा होता. हा तो नव्हता.

"अक्का, ही अंगठी वाईच मोठी करून द्या," नागूबाई म्हणाली. "लई रुतायलीय. पर काढायची न्हाय बरं का. बोटात ठिवूनच मोठी करा."

"का काढायची न्हाय?"

"म्हाराजांनी सांगितलंय. येकदा जरी काढली तरी दिस पैल्यापासून मोजावं लागत्यात. अजून दोन म्हयने ऱ्हायलेत."

तिनं धडपा सोडला. अंगठ्याजवळचं बोट वांग्यासारखं सुजून काळंनिळं पडलं होतं. अंगठी मांसात बुडाली होती, फक्त पिवळा खडा वर दिसत होता, आणि त्याच्या कडेनं पिवळसर पाणी झिरपत होतं. बाभळीचा काटा लागला होता, नागूबाईनं सांगितलं, महिना झाला. हळद भरली. दुखत होतं, आता तेवढं दुखत नाही.

शिवकांतानं तिचा हात दिव्याखाली धरला. खड्याच्या खाली, कोंदणाच्या आत, काहीतरी वळवळलं. तिला वाटलं उजेडाचा खेळ असेल. मग ते परत हललं.

तिनं हात सोडला नाही, पण तोंड फिरवलं आणि थोडा वेळ दाराबाहेर बघत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "अंगठी कापावी लागंल."

"कापू नका. माझा ल्योक भागवत रागावंल माझ्यावर. त्यानंच आणून दिलीय."

"मी सांगते भागवतला."

तिनं बारीक करवत घेतली, अंगठी आणि कातडी यांच्यामध्ये पत्र्याची एक पट्टी सरकवली आणि कडी कापली. नागूबाईनं डोळे मिटले होते. अंगठी पक्कडीनं फाकवून वर उचलली तेव्हा तिच्यासोबत कातडीचा तुकडा आला आणि खाली जे होतं ते शिवकांतानं एकदाच बघितलं. पांढऱ्या अळ्या होत्या. तांदळाच्या कणीएवढ्या.

रिक्षा करून तिनं नागूबाईला उमरग्याला दवाखान्यात नेलं. भागवत तिथंच एका शाळेत शिपाई होता. तो धावत आला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर साखर चारशेच्या वर. दोन वर्षं आईला सारखी तहान लागते, पाय जळतात, अंगात त्राण नाही, म्हणून भागवत तिला महाराजांकडं घेऊन गेला होता. त्यांनी पत्रिकेत गुरू दुबळा आहे असं सांगितलं होतं. रक्त तपासायचं कुणालाच सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोट मुळापासून काढावं लागलं.

कापलेली अंगठी शिवकांताच्या गाळ्यात वाटीत पडून होती. तिनं ती उकळत्या पाण्यात टाकली, डेटॉलमध्ये टाकली, परत उकळली. मग खडा बाहेर काढला. कोंदणाच्या तळाला ते भोक होतं, कडा साफ केलेलं. स्वतःचा हात ओळखायला तिला भिंग लागलं नाही.

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. बोटांना वास येतो असं वाटायचं. लिंबू चोळलं, राख चोळली, तरी भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला की तो वास. वडिलांसारखा खडा ओठाला लावून बघायची तिला सवय होती, ती त्या दिवशी सुटली. कुणाच्या अंगावरचा खडा आपण ओठाला लावत होतो, हे आठवलं तरी ती थुंकून यायची. शंभुलिंग म्हणाला, "तू तर तिला दवाखान्यात नेलंस. तुझं काय चुकलं?" तिनं त्याच्याकडं बघितलं आणि ताट सारून उठली.

पंधरा दिवसांनी भागवत गाळ्यात आला. तो बसला नाही.

"अक्का, तुमी अंगठी कापायला नको होती," तो म्हणाला.

"काय?"

"म्हाराज म्हणाले. गुरूचा खडा असा तोडून काढला की तो उलटतो. म्हणून बोट गेलं. न्हायतर पाणी निघून जखम भरली असती." त्यानं खिशातून एक छापील कागद काढला. त्यावर नागूबाईचं नाव, खड्याचं वजन सहा कॅरट, आणि खाली लिहिलेलं, अस्सल सिलोनी पुखराज. "इतका भारी खडा होता. तुमच्यापाशीच हाय न्हवं?"

शिवकांतानं कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "गुरुवारी येतोस का? त्याच्या खोलीवरच जाऊ."

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला अमरसिंहाच्या खोलीबाहेर पंधरा-वीस माणसं बसली होती, बहुतेक बायका. शिवकांता वडिलांचा पितळी काटा, काचेचा पेला आणि पाण्याची बाटली घेऊन आत गेली. मागं भागवत. काय चाललंय ते बघायला बाहेरच्या बायकाही दारात आल्या. अमरसिंह गादीवर बसून केळं खात होता. त्यानं साल बशीत ठेवली आणि बोटं सतरंजीला पुसली.

"या अक्का. आज तुमी इकडं कशा?"

तिनं त्याच्याशी बोलणं टाळलं. भागवतला तिनं काटा धरायला लावला. वडिलांचा एक पुखराज तिनं कधी विकला नव्हता, तो चार कॅरटचा होता. आधी तो हवेत तोलून सगळ्यांना दाखवला. मग रेशमी दोऱ्यानं पारड्याखाली टांगून पेल्यातल्या पाण्यात सोडला.

"किती भरला?"

"तीन," भागवत म्हणाला.

"चारातला एक गेला. चौथाई. आता हा तुझ्या आईचा. कागदावर सहा लिवलंय, हवेत सहाच भरतोय. पुखराज असंल तर पाण्यात किती भराय पायजे?"

भागवतनं मनात हिशोब केला. "साडेचार."

तिनं खडा पाण्यात सोडला. भागवत एकेक वजन काढत गेला. काटा स्थिर झाला तेव्हा तिनंच सांगितलं, "पावणेचार. हा सुनेला हाय. पिवळी गारगोटी." मग तिनं पुखराजाचं टोक सुनेल्याच्या पाठीवरून ओढलं आणि उठलेला ओरखडा दारातल्या बायकांना दाखवला. सुनेल्यानं पुखराजावर ओढून दाखवलं, काही उठलं नाही.

अमरसिंहाचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं हात जोडले.

"अक्का म्हणतात ते खरं हाय," तो शांतपणं म्हणाला. "हे उपरत्न हाय. कागद छापणाऱ्याची चूक. गरिबाची सोय म्हणून मी उपरत्न देतो. पण उपरत्नाचा गुण किती येणार? उपरत्नाइतकाच. म्हणून तर मी सांगत असतो, ज्याला जमंल त्यानं अस्सलच घ्यावा."

भागवत काट्याकडं बघत होता. "म्हंजे," तो म्हणाला, "खरा असता तर आईचं बोट वाचलं असतं."

शिवकांताला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "अरे, बोट साखरेनं सडलं. खाली बाभळीचा काटा लागला होता, वर अंगठी आवळली होती. पुखराज असता तर पुखराजाखाली सडलं असतं. दोन्ही दगडच हायत. एक जड, एक हलका. एक टणक, एक त्याहून नरम. दोन्हीत एवढाच फरक हाय, दुसरा न्हाय."

"पर खोटा व्हता न्हवं," दारातली एक बाई म्हणाली आणि आपल्या बोटातली अंगठी काढून पुढं आली. "अक्का, माझाबी बघा की पाण्यात." तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. कुणीतरी अमरसिंहाला विचारलं, खऱ्याला किती पडतील. तो समजावून सांगू लागला.

शिवकांतापुढं पाच-सहा हात आले होते, ओलसर, मळके, अंगठीखाली पांढरी पडलेली कातडी. तिनं पेल्यातलं पाणी खिडकीतून बाहेर ओतलं, काटा पिशवीत भरला आणि वाट काढत बाहेर पडली. बसस्टँडच्या भिंतीला धरून तिला उलटी झाली. पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

चार दिवसांनी अमरसिंह गाळ्यात आला. त्याला राग आलेला नव्हता, उलट तो खुशीत होता. लोक आता खऱ्याची मागणी करतात, म्हणाला. तो खरे आणील, तिनं गिऱ्हाइकासमोर पाण्यात तोलून दाखवायचं, अक्कांनी पारखलेला असं कागदावर छापता येईल. बोलता बोलता त्यानं तिच्या टेबलावरचा पुखराज उचलला आणि ओठाला लावून बघितला.

"ठिवा तो खाली," ती म्हणाली.

"बघत होतो गार हाय का ते."

"खाली ठिवा आन् जावा. परत येऊ नका. तुमच्या अंगठीत मी आता खडा बसवणार न्हाय, खोटाबी न्हाय आन् खराबी न्हाय."

"दुसरा कुणीबी बसवंल, अक्का."

"बसवू द्या."

तो गेल्यावर तिनं वडिलांचा पुखराज साबणानं तीनदा धुतला. तरी तिला तो हातात घ्यावासा वाटेना.

त्या रविवारी ती वाडीवर गेली. नागूबाई अंगणात बाजेवर बसली होती, हाताला पट्टी होती. शिवकांतानं चहा घेतला नाही. तिनं सरळ सांगितलं की अंगठीत खडा तिनंच बसवला होता, तळाचं भोक तिनंच पाडलं होतं, आणि खडा सुनेला आहे हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

नागूबाईनं आपल्या पट्टीकडं बघितलं.

"तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. "मग ह्यो कुणाच्या बोटात चाललाय, ते का न्हाय इचारलं?"

"न्हाय इचारलं, मावशी."

"का?"

नवऱ्यानं सांगितलं म्हणून, असं म्हणता आलं असतं. तिला ते तोंडातून काढवेना.

"त्या म्हाराजाचा मला राग येत न्हाय," नागूबाई म्हणाली. "तो लबाड हाय, लबाडावानी वागला. तुमच्या हातात भिंग व्हतं." मग तिनं सुनेला खडा मागून घेतला नाही, शिव्या दिल्या नाहीत, पुन्हा या असंही म्हणाली नाही. ती उठून मेंढरांच्या वाड्याकडं गेली. शिवकांता वाटेला लागली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. अमरसिंह अजून दर गुरुवारी येतो. उमरग्यातला एक कारागीर त्याचे खडे बसवतो. शिवकांता ग्रहाचा खडा बसवत नाही. नथी, कुड्या, लिंगाच्या डब्या करते. तिचं काम निम्म्यावर आलं आहे, आणि शंभुलिंग त्याबद्दल काही बोलत नाही. आठवड्यातून दोघं-तिघं तरी खडा तोलून द्या म्हणून येतात. ती नाही म्हणते. काहींना रागही येतो, एवढी विद्या असून बाई माणसाच्या उपयोगी पडत नाही म्हणून.

मागच्या महिन्यात बाजारात तिला भागवत भेटला. आई बरी आहे, म्हणाला, साखरेचं इंजेक्शन आता तिचं तीच घेते, डाव्या हातानं. बोलताना त्याचा उजवा हात पुढं आला. आईचं गेलं त्याच बोटात पिवळ्या खड्याची अंगठी होती.

"खरा हाय, अक्का," तिची नजर बघून तो म्हणाला. "उमरग्यात समोर बसून पाण्यात तोलून घेतला. चौथाईच गेला. शंका ठिवली न्हाय."

शिवकांतानं त्या खड्याकडं बघितलं. चांगला होता. कडा धारदार होत्या, आतमध्ये रेशमासारख्या बारीक रेघा होत्या.

"तुझी साखर बघितलीस का?" तिनं विचारलं.

"न्हाय अजून. बघू की."

"उद्याच बघ," ती म्हणाली, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन गाळ्याकडं चालू लागली.